यंदाची नाटके आणि आपल्या गाठीभेटी

(श्रावणात झालेल्या सभासद मेळाव्यात नाट्य व स्नेहमेळावा समितीच्या वतीने केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)





यंदाचा कार्यक्रम सांगण्यासाठी समितीने आम्हाला उभे केले आहे. आम्ही डिप्लोमावाले. सरकारच्या रस्ते-इमारतींच्या खात्यात वीसेक वर्षे काढली. भाषणाचा सराव नाही, एस्टिमेट लिहिण्याचा मात्र आहे. तेव्हा आजचे बोलणेही तसेच होईल: काय करायचे, कधी करायचे, पैसे कोठून येणार आणि काम कोणी करायचे. पण नव्या कामाला हात घालण्याआधी जुन्या कामाचे बिल तपासायचे असते. मागच्या वर्षीच्या बिलात चूक आहे आणि ती आमची आहे. ती आधी सांगतो.

मागच्या डिसेंबरात मुंबईची एक नाटक कंपनी आपल्या बडोद्यात आली होती. समितीने उत्साहाने साठ खुर्च्या एकगठ्ठा घेतल्या. मोबाईलच्या ग्रुपवर निरोप टाकला, ‘ज्यांना गाडी हवी त्यांनी नाव लिहावे.’ खाली भराभर अंगठे आले. आम्ही समजलो, काम झाले. प्रत्यक्षात एक्केचाळीस जण आले. एकोणीस खुर्च्या मोकळ्या राहिल्या, आणि त्याही एकाच पट्ट्यात. पडदा उघडला तेव्हा नटांना समोर ते भगदाड दिसले असणार. आपल्या मंडळाच्या नावाचे भगदाड. त्या खुर्च्यांचे पैसे मंडळाच्या शिलकीतून भरावे लागले आणि वार्षिक सभेत त्यावरून बरीच बोलणी खावी लागली. ती रास्तच होती.

पण जे त्याहून लागले, ते नाटकाच्या दुसऱ्या दिवशी कळले.

दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आपल्या एक ज्येष्ठ सभासद एकट्या राहतात. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांचे यजमान मंडळाच्या हौशी नाटकांत कितीतरी वर्षे विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करत. काकूंनी तिकीट पहिल्याच दिवशी रोख पैसे देऊन घेतले होते. गाडीचा निरोप मात्र ग्रुपवर होता, आणि काकूंचा फोन फक्त बोलण्याचा आहे. त्यांना कोणी विचारलेच नाही. त्या साडेसातपासून तयार होऊन ओट्यावर बसल्या. दर वेळी कोणी ना कोणी न्यायला येते, आजही येईल. नऊ वाजले तेव्हा शेजारच्या गुजराती भाभींनी त्यांना आपल्या घरात नेले आणि खिचडी-कढी वाढली. आम्हाला हे त्या भाभींकडूनच समजले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आम्ही चौघे माफी मागायला गेलो. तिकिटाचे पैसे पाकिटात घालून नेले होते. काकूंनी पाकीट परत दिले, चहा टाकला आणि म्हणाल्या, “पैसे राहू देत रे. नाटकात शेवटी काय झालं ते सांगा.”

आम्ही सांगायला लागलो, आणि फजिती झाली. चौघांचे चार शेवट. एकाच्या मते सासऱ्याचे चुकले होते, दुसऱ्याच्या मते सुनेचे. तिसऱ्याला मधला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंगच ठाऊक नव्हता, कारण तो तेव्हा बाहेर फोनवर बोलत होता. काकू हसायला लागल्या. “तुम्ही चौघं एकाच नाटकाला गेला होतात ना?” मग त्यांनीच एकेक प्रश्न विचारून नाटक आमच्याकडून काढून घेतले. तो असं म्हणाला तेव्हा ती कुठे उभी होती? पत्र कोणाच्या हातात पडलं? दीड तास कसा गेला कळले नाही. जिना उतरताना आमच्यातला एक म्हणाला, “काल नाट्यगृहात आली त्यापेक्षा आज जास्त मजा आली.”

यंदाचा सगळा कार्यक्रम त्या चहावर उभा आहे.

आता वार्षिक सभेतल्या सूचनेकडे येतो. काही सभासद म्हणाले, नाटकाचे लचांड बंद करा. घरबसल्या मोबाईलवर सगळे दिसते. वर्गणी गणपतीसाठी असते, नाटकाच्या तोट्यासाठी नव्हे. यातले शेवटचे वाक्य आम्हाला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्याची व्यवस्था पुढे सांगतो. पण नाटक बंद करण्याबद्दल दोन शब्द बोलू द्यावेत.

मुंबईहून नाटक येते म्हणजे काय काय येते, हे आम्ही त्या दिवशी नगरगृहाच्या मागच्या दाराशी उभे राहून पाहिले. सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास. नट-नट्यांबरोबर प्रकाशयोजनेची माणसे, ध्वनीची माणसे, रंगभूषा, कपडेपट, व्यवस्थापक, बॅकस्टेजची मुले आणि घडी करून आणलेले अख्खे घर, म्हणजे नेपथ्य. ते दिवसा उभे करायचे, दिवे लावायचे आणि रात्री प्रयोग संपला की खिळा न खिळा सोडवून पुन्हा गाडीत भरायचे. नटांना मालिकांच्या चित्रीकरणातून शनिवार-रविवारच मोकळे मिळतात, आणि त्या दोन दिवसांत मुंबई, ठाणे, पुणे इथे त्यांना घरचा प्रेक्षक असतो. तो सोडून इकडे यायचे, तर रक्कम आधी ठरवावी लागते. त्याला कंत्राटी प्रयोग म्हणतात. प्रेक्षक आला नाही तर तोटा बोलावणाऱ्याचा. दोन वेळा असा तोटा झाला की बोलावणारा थकतो. मग त्या शहरात मराठी नाटक येईनासे होते. कोणी ठराव करून ते बंद करत नाही. रिकाम्या खुर्च्याच ते काम करतात.

आणि बडोद्यात ते बंद पडावे, हे आपल्याला शोभणारे नाही. राम गणेश गडकरी यांचा जन्म १८८५ सालचा, गणदेवीचा. आज गणदेवी नवसारी जिल्ह्यात आहे, तेव्हा तो बडोदे संस्थानाचा मुलूख होता. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला, तो आपल्या बडोद्यात. बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. नाटकातली पदे गडकऱ्यांच्या हातून व्हायची राहिली होती, ती वि. सी. गुर्जर यांनी लिहून दिली. नाटककार स्वतः आपले नाटक पाहायला उरला नव्हता. सिंधूसाठी पहिल्यांदा डोळे पुसले ते बडोदेकरांनी. आपल्यापैकी कोणाचे तरी पणजोबा त्या रात्री त्या गर्दीत असतीलच. दारूच्या दुष्परिणामांवरचे नाटक पुढे दारूबंदी होणाऱ्या राज्यात आधी यावे, हा योगायोगही मजेचाच म्हणायचा.

पणजोबा तेव्हा चालत नाटकाला जात असतील. सगळी मराठी वस्ती दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ अशी हाकेच्या अंतरावर होती. नाटक सुटल्यावर त्यावरचा वाद घराच्या ओट्यापर्यंत पोचत असे. आज आपण मांजलपूरला, वाघोडिया रोडला, गोत्रीला, समाला विखुरलो आहोत. मुख्य अडचण तिकिटाची नाही, अंतराची आहे, आणि अंतर केवळ रस्त्याचे नाही. पलीकडच्या सोसायटीत नवे मराठी कुटुंब राहायला आले, हे आपल्याला गणपतीत आरतीच्या वेळी कळते आणि अनंत चतुर्दशीला आपण ते विसरतो. म्हणून यंदा प्रत्येक नाटकाला एक गाठभेट जोडली आहे. कार्यक्रम असा आहे.

पहिला कार्यक्रम कोजागरीला. नवरात्राच्या नऊ रात्री बडोदे गरब्याचे. त्या दिवसांत नाटकाला आपलीच मुले येणार नाहीत, तेव्हा हट्ट नको. कोजागरीच्या रात्री मंडळाच्या गच्चीवर ओळख मेळावा आहे. आपले मसाला दूध आणि शेजाऱ्यांचे दूधपौंआ, दोन्ही ठेवू. प्रत्येक जुन्या कुटुंबाने एक नवे कुटुंब बरोबर आणायचे आहे. नोकरीनिमित्त नाशिक, नागपूर, सोलापूरहून आलेली पुष्कळ तरुण मंडळी इथे कारखान्यांत आणि कंपन्यांत आहेत, त्यांना कोणी बोलावलेले नाही एवढेच. गुजराती शेजारीही अवश्य आणावेत. निदान दांडिया बाजारातल्या त्या भाभींना आम्ही स्वतः आमंत्रण देणार आहोत.

याच मेळाव्यात एक टेबल मुलांच्या नोकरी-शिक्षणासाठी राहील. मंडळात सरकारी नोकर आहेत, बँकेतले आहेत, वर्कशॉप चालवणारे आहेत, डॉक्टर, वकील आहेत. ज्या मुलांना विचारायचे असेल त्यांनी मोकळेपणाने विचारावे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्ही कोणालाही चिठ्ठी देणार नाही आणि कोणाकडे शब्द टाकणार नाही. पण कोणत्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो, डिप्लोमानंतर डिग्रीला जायचे की नोकरी धरायची, पहिल्या मुलाखतीला काय बोलावे, हे सांगायला माणसे बसलेली असतील. आमच्या वेळी असे कोणी सांगणारे असते, तर आमची दोन वर्षे वाचली असती.

दुसरा कार्यक्रम, नाटक. देवदिवाळीनंतर शहरात येणारे पहिले चांगले मराठी नाटक आपण एकत्र पाहणार आहोत. नाटकाचे नाव आज सांगत नाही, कारण कंपनीची तारीख अजून पक्की झालेली नाही आणि कच्च्या तारखेवर गर्दी जमवायची नाही, हे आम्ही शिकलो आहोत. बहुधा अकोट्याचे सर सयाजीराव नगरगृह असेल. नाटक सुरू होण्याआधी पाऊण तास सगळ्यांनी बाहेर जमायचे. बटाटेवडा आणि चहा मंडळाकडून.

त्या पाऊण तासात मुलांसाठी एक वेगळा घोळका होईल. मागच्या वर्षी आम्ही पाहिले, विनोद झाला की सगळे हसतात आणि आपली मुले दोन क्षणांनी हसतात, कारण आई कानात अर्थ सांगते. त्यांची शाळा इंग्रजीत, मैदान गुजरातीत आणि मराठी फक्त ‘जेवायला चल’ एवढ्यापुरते. यात मुलांचा दोष नाही. म्हणून आपल्यातल्या दोन निवृत्त शिक्षिका मुलांना आधी पात्रांची ओळख करून देतील आणि अवघड वाटतील असे दहा-बारा शब्द सांगतील. शेवट सांगणार नाहीत.

तिसरा कार्यक्रम संक्रांतीनंतरच्या रविवारी. चौदा-पंधरा जानेवारीला सगळे गच्चीवर पतंगात असतात, त्यामुळे तिळगूळ आणि हळदीकुंकू त्यापुढच्या रविवारी. त्याच दिवशी पुरुष मंडळींसह सर्वांसाठी ‘नाटकावर गप्पा’. व्याख्यान नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. पाहिलेल्या नाटकात कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, यावर दीड तास मनसोक्त भांडायचे. अध्यक्षस्थानी काकू असतील. त्यांनी होकार दिला आहे. प्रश्न कसे विचारतात ते पाहाच.

चौथा कार्यक्रम फेब्रुवारीत, २० फेब्रुवारी ते २७ फेब्रुवारी यांच्या मधल्या रविवारी. वीस तारीख ‘एकच प्याला’च्या पहिल्या प्रयोगाची आणि सत्तावीस तारीख मराठी भाषा गौरव दिनाची. या दिवशी आपण ‘एकच प्याला’तले निवडक प्रवेश बसून वाचणार आहोत. पाठांतर नाही, रंगभूषा नाही, वाचता येणे पुरे. देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलांनीही नावे द्यावीत, महिनाभर आधी सराव घेऊ. तळीरामाच्या भूमिकेसाठी आताच पाच नावे आली आहेत, सुधाकरासाठी एकही नाही. गीता आणि रामलालही हवे आहेत. प्रॉम्प्टरची गरज वाचनाला नसते, पण विंगेच्या जागी एक खुर्ची आम्ही मोकळी ठेवणार आहोत. ती कोणाची, हे जुन्या सभासदांना सांगायला नको.

पाचवा कार्यक्रम परीक्षा संपल्यावर, गुढीपाडव्याच्या पुढेमागे. एक दिवसाची नाट्यसहल, मुंबईला. दादर-परळपर्यंत धावपळ नको. बडोद्याहून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बोरिवलीला थांबतात आणि बोरिवली पश्चिमेला प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर आहे. सकाळच्या गाडीने निघायचे, बोरिवलीत जेवायचे, दुपारचा प्रयोग पाहायचा आणि रात्रीच्या गाडीने परत. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, त्यामुळे नावे फेब्रुवारीच्या वाचनाच्या दिवशीच द्यावी लागतील. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी संकोच करू नये. पूल, जिने आणि रिक्षा यांचा नकाशा आमच्यातला एक जण आधी जाऊन काढून आणणार आहे. साइट न पाहता एस्टिमेट करायचे नाही, ही आमच्या खात्याची पहिली शिकवण.

शिवाय जे विद्यार्थी हौसेने नाटक करतात त्यांचेही प्रयोग पाहू. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नाट्यविभाग आहे. तिथली मुले गुजराती, हिंदी कशातही नाटक करोत, आपण जाऊन बसलो तर त्यांना हुरूप येईल. मराठी माणसाने फक्त मराठीच नाटक पाहावे असा काही नियम नाही.

आता व्यवस्था. यात तीन नियम केले आहेत.

एक, पैसे. गणपतीच्या वर्गणीतला एक रुपयाही नाटकाला लागणार नाही. नाटकाचे खाते वेगळे, हिशेब वेगळा, आणि तो प्रत्येक कार्यक्रमानंतर फलकावर लागेल. पैसे आधी, खुर्ची नंतर. अंगठा म्हणजे तिकीट नव्हे. आठ दिवस आधी कळवले तर पैसे परत, नंतर कळवले तर खुर्ची दुसऱ्याला देऊ, आणि ती गेली तरच पैसे परत. ज्यांना तिकीट परवडणारे नसेल त्यांनी आमच्यापैकी कोणाच्याही कानात सांगावे. त्यांच्यासाठी काही सभासदांनी स्वखुशीने रक्कम दिली आहे. कोणाला दिले, हे फलकावर लागणार नाही.

दोन, निरोप. ग्रुपवर निरोप जाईलच, पण तो पोचला असे आम्ही धरणार नाही. आम्ही सगळ्या सभासदांची यादी विभागवार केली आहे. प्रत्येक कार्यकर्त्याकडे सहा घरे आहेत. त्या सहा घरी त्याने फोन करायचा, आणि ज्या घरात एकटे ज्येष्ठ आहेत तिथे स्वतः जायचे. ‘फोन लागला नाही’ हे उत्तर चालणार नाही. आम्ही सरकारी नोकर, फाइलवर ‘निरोप दिला’ असे लिहून मोकळे होण्याची सवय आम्हाला चांगली ठाऊक आहे. म्हणूनच हा नियम आमच्यासाठीच केला आहे.

तीन, गाडी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक ज्येष्ठ सभासदाला सांगितले जाईल की कोणाची गाडी, किती वाजता, कोणत्या नाक्यावर येईल. परत सोडण्याची जबाबदारीही त्याच गाडीची. दार उघडून दिवा लागल्याचे पाहूनच गाडी हलवायची. ज्यांच्या गाडीत एक जरी जागा मोकळी असेल त्यांनी आज बाहेरच्या टेबलावर नाव लिहून जावे.

कामाला माणसे हवी आहेत. आमच्या समितीत सगळे चाळिशी-पन्नाशीचे, ऑफिस सांभाळून धावणारे. पंचविशीतले चार-पाच जण आले तर बरे होईल. त्यांनी आमच्या पद्धतीने काम करावे असा आग्रह नाही. जमाखर्च तेवढा वहीत लिहावा.

शेवटी एकच. परवा आम्ही हा कार्यक्रम दाखवायला पुन्हा दांडिया बाजारात गेलो होतो. काकूंनी चष्मा लावून सगळा वाचला. मागच्या वर्षीचे तिकीट त्यांनी पंचांगात घालून जपून ठेवले आहे, ते काढून दाखवले. मग म्हणाल्या, “अध्यक्षपद वगैरे ठीक आहे. पण यंदा शेवट मला कोणी सांगायचा नाही. मी बघणार आहे.”

मंडळी, त्यांच्या शेजारची खुर्ची कोणी घ्यायची, ते आज ठरवा. नावनोंदणीची वही बाहेर टेबलावर आहे.

गणपती बाप्पा मोरया! मंगलमूर्ती मोरया!